पोतं पन्नास किलो भरलं : सकर्मक क्रियापदाच्या एका फसलेल्या कसोटीचे प्रकरण

हे प्रकरण उदगीर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेतले आहे. इंग्रजीतले ट्रान्झिटिव्ह, म्हणजे सकर्मक, क्रियापद ओळखताना दहावीतला एक विद्यार्थी कोठे अडला, कशामुळे अडला आणि त्या अडण्यात शिकवणाऱ्याचा, म्हणजे माझा, हात किती होता, याची ही नोंद आहे. विद्यार्थ्याचे आणि गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी (माल तोलणारे) आहेत, घरी थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि सोयाबीनच्या हंगामात मुलगा रविवारी वडिलांबरोबर काट्यावर उभा असतो, एवढी माहिती पुढच्या विवेचनाला पुरेशी आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे हा मुलगा दहावीत आला तेव्हा त्याच्या पाठीशी इंग्रजीची नऊ पूर्ण वर्षे होती, आणि सकर्मक-अकर्मक हे शब्द तर त्याने मराठीच्या तासाला त्याआधीच पाठ केलेले होते.

सराव परीक्षेत मी पाच वाक्ये दिली होती आणि वर सूचना लिहिली होती की, ज्या वाक्यांचे पॅसिव्ह (कर्मणी रूप) होऊ शकते त्यांचेच करावे, बाकीच्यांपुढे रेघ मारावी. ही सूचना टाकताना मला थोडा अभिमानही वाटला होता, कारण पाठांतरावर चालणारी मुले इथे अडकणार आणि समजून शिकणारी पुढे जाणार असा माझा हिशेब होता. या मुलाने एकही रेघ मारली नाही. पहिली दोन वाक्ये साधी होती आणि ती त्याची बरोबर आली. उरलेल्या तिन्हींची उत्तरे अशी होती. 'सीता बिकेम अ डॉक्टर' याचे त्याने 'अ डॉक्टर वॉज बिकम बाय सीता' केले. 'द बॅग वेज फिफ्टी किलोज' याचे 'फिफ्टी किलोज आर वेड बाय द बॅग' केले. 'माय ब्रदर रिझेंबल्स माय फादर' याचे 'माय फादर इज रिझेंबल्ड बाय माय ब्रदर' केले.

पेपर तपासताना मी तिन्हींवर लाल काट मारून पुढे गेलो आणि रात्री परत त्याच पानावर आलो. कारण उत्तरे चुकलेली असली तरी त्यांतली कारागिरी निर्दोष होती. 'बिकम'चे तिसरे रूप पुन्हा 'बिकम'च होते, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नसते. त्याला ते ठाऊक होते. 'फिफ्टी किलोज' अनेकवचनी म्हणून त्याने 'आर' वापरले होते. काळ तिन्ही ठिकाणी बरोबर राखला होता. ज्याला काहीच येत नाही असा मुलगा असे लिहीत नाही. ज्याला चुकीचा नियम नीट येतो तोच असे लिहितो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावून विचारले की, हे पॅसिव्ह तू कसे केलेस. तो जराही बिचकला नाही. "तुम्हीच सांगितलाव की सर. क्रियापदाला 'काय' विचारायचं, उत्तर आलं की ते ऑब्जेक्ट. सीता काय झाली? डॉक्टर. पोतं काय भरलं? पन्नास किलो. मग ऑब्जेक्ट म्होरं आणायचं आणि बाय लावायचं."

हे मीच सांगितले होते. जूनमधल्या माझ्या टाचणाच्या वहीत तो नियम लाल शाईने चौकटीत लिहिलेला सापडला: क्रियापदाला 'काय' किंवा 'कोणाला' असा प्रश्न विचारावा, उत्तर मिळाल्यास क्रियापद सकर्मक. माझ्या शिक्षकांनी मला हेच शिकवले होते आणि बाजारातली बहुतेक गाइडेही हेच सांगतात. 'ही ईट्स अ मँगो' आणि 'शी स्लीप्स' एवढ्या दोनच जातींची वाक्ये समोर असतील तोवर ही कसोटी चालते, आणि शाळेत आपण त्याच दोन जातींची वाक्ये देत राहतो, म्हणून तिचा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

दोष असा की, मराठीतला 'काय' हा फार मोकळ्या हाताचा शब्द आहे. तो कर्मही विचारतो, पूरकही विचारतो आणि वेळप्रसंगी मापही विचारतो. 'सीता काय झाली' याचे उत्तर 'डॉक्टर' हे खरे, पण सीता आणि डॉक्टर या दोन वेगळ्या व्यक्ती नाहीत. सीताच डॉक्टर आहे. इंग्रजी व्याकरण याला ऑब्जेक्ट म्हणत नाही, कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक, म्हणते. 'ही एट अ मँगो' या वाक्यात खाणारा वेगळा आणि आंबा वेगळा. 'ही बिकेम अ लीडर' या वाक्यात दोन शब्द आहेत पण माणूस एकच. पन्नास किलोचे प्रकरण आणखी वेगळे आहे. तिथे पोत्याने पन्नास किलोंवर कोणतीच क्रिया केलेली नाही, पन्नास किलो हे पोत्याचे माप आहे. 'ही स्लेप्ट एट अवर्स' यातले आठ तास जसे झोपेचे माप आहेत, तसेच.

याच बोलण्यात त्याने आणखी एक शंका काढली, जिचा मला अंदाजच नव्हता. गाइडात ट्रान्झिटिव्हची व्याख्या अशी होती की, ज्यात क्रिया कर्त्याकडून दुसऱ्याकडे जाते ते क्रियापद. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही पार जाणे असाच आहे. मुलाचे म्हणणे असे की, 'आय वेंट टु स्कूल' यात तर मी स्वतःच शाळेकडे गेलो, मग याहून ट्रान्झिटिव्ह काय असू शकते? मी हसलो, पण शिक्षक-खोलीत ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या संस्कृतच्या बाईंनी मला गप्प केले. संस्कृतात 'ग्रामं गच्छति' असे म्हणतात, तिथे ग्राम हे कर्म आहे, गम् धातू सकर्मक धरला जातो आणि 'ग्रामः गम्यते' असा कर्मणी प्रयोगही होतो. कर्त्याला जे मिळवण्याची सर्वाधिक इच्छा असते ते कर्म, अशी पाणिनीची व्याख्याच आहे, आणि शाळेत निघालेल्या मुलाला शाळाच हवी असते (निदान तसे धरून चालावे लागते). तेव्हा मुलगा संस्कृताच्या हिशेबाने बरोबर होता आणि इंग्रजीच्या हिशेबाने चूक होता. एकच क्रिया एका भाषेत सकर्मक आणि दुसरीत अकर्मक असू शकते, हे मला पुस्तकातून माहीत होते. ते वर्गात सांगण्याइतके महत्त्वाचे आहे हे त्या दिवशी कळले.

'काय'ची कसोटी मोडीत काढल्यावर मी दुसरी घेतली, आणि ती मराठीतलीच होती. मराठीत भूतकाळी वाक्य केले की सकर्मक क्रियापदाचा कर्ता ('मी', 'तू' यांसारखे अपवाद सोडले तर) 'ने' घेतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: मुलीने आंबा खाल्ला, मुलाने भाकरी खाल्ली. अकर्मकाचा कर्ता मात्र उघडाच राहतो: मुलगी झोपली, मुलगा पडला. ज्या माणसाने आयुष्यात व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नाही तोही 'मुलीने झोपली' असे म्हणत नाही. म्हणजे सकर्मक कोण आणि अकर्मक कोण हे मराठी बोलणाऱ्याच्या जिभेला आधीच माहीत असते. इंग्रजीच्या जिभेवर अशी कोणतीही खूण उमटत नाही, तिथे 'ही एट' आणि 'ही स्लेप्ट' या दोन्हींत 'ही' तसाच राहतो. हे हातचे सोडून आपण मुलांना 'काय' विचारायला का लावतो, असा मला तेव्हा प्रश्न पडला आणि मी उत्साहाने फळ्याकडे वळलो.

मी त्याला म्हणालो, तुझीच वाक्ये सांग, कालची. तो म्हणाला, "मी पेपर लिहिलो. मी भाकर खाल्लो. मी झोपलो."

कसोटी जागीच कोसळली. प्रमाण मराठीत 'मी पेपर लिहिला', 'मी भाकरी खाल्ली' आणि 'मी झोपलो' असा फरक दिसतो. क्रियापद पहिल्या दोन वाक्यांत कर्माच्या मागे गेले आणि तिसऱ्यात कर्त्याच्या. या मुलाच्या बोलीत तिन्ही ठिकाणी क्रियापद 'मी'च्याच मागे चालले होते. लातूर, उदगीर, देगलूर या पट्ट्यात हे बोलणे सर्रास ऐकू येते, आणि त्याआधी त्याने मला 'तुम्हीच सांगितलाव' असे सुनावले होते तेव्हाही तेच झाले होते. सांगणे सकर्मक असूनही रूप मात्र 'तुम्ही'चे होते. ते माझ्या कानावरून गेले, लक्षात आले नाही, कारण मीही इथलाच आहे आणि घरी तसाच बोलतो. शेजारच्या कानडीत 'मी काम केले' याला 'नानु केलस माडिदे' म्हणतात आणि तेलुगूत 'नेनु पनि चेशानु'. दोन्हींत क्रियापदाचे टोक 'मी' शी जुळते, कामाशी त्याचा संबंध नसतो. बिदर इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि हा शेजार शतकांचा आहे. मराठीच्या तासाला हेच बोलणे अशुद्ध म्हणून कापले जाते. तसे कापणे परीक्षेपुरते समजू शकते, पण इंग्रजी शिकवताना ते आड आले, कारण पुस्तकातली कसोटी ज्या मराठीवर उभी होती ती या मुलाची मराठी नव्हती.

मी त्याचे 'लिहिलो' दुरुस्त करणार होतो. ते केले असते तर इंग्रजी क्रियापद समजण्यासाठी त्याला आधी प्रमाण मराठी शिकावी लागली असती, म्हणजे एक अडचण सोडवायला दुसरी. त्याऐवजी मी 'मी' सोडून दिला आणि त्याला मोंढ्यातल्या गोष्टी तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगायला लावल्या. तिथे त्याच्या बोलीतला 'नं' शाबूत होता. त्याने वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ ओढली आणि भराभर लिहिले. डावीकडे: मापाड्यानं पोतं मापलं. हमालानं पोतं उचललं. उंदरानं पोतं फाडलं. आडत्यानं पट्टी लिहिली. उजवीकडे: पोतं पन्नास किलो भरलं. हमाल बसला. पोतं फाटलं. चहा सांडला.

ही आठ वाक्ये माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहेत. इंग्रजीत 'द वेमन (मापाडी) वेड द बॅग' आणि 'द बॅग वेड फिफ्टी किलोज' या दोन्ही वाक्यांत 'वेड' हा एकच शब्द आहे, आणि पहिला ट्रान्झिटिव्ह व दुसरा इनट्रान्झिटिव्ह कसा हे समजावताना मी आधी बराच घाम गाळला होता. मुलाच्या भाषेत मात्र ते दोन वेगळे शब्दच होते: मापणे आणि भरणे. मापाड्याच्या मुलाला यात समजण्यासारखे काही उरलेच नव्हते. पहिल्या वाक्याचे पॅसिव्ह होते, 'द बॅग वॉज वेड बाय द वेमन'. दुसऱ्याचे का होत नाही, हे त्याने स्वतःच सांगितले: "पन्नास किलोला कुणी काय केलंच न्हाई."

फाडणे आणि फाटणे यांवरून पुढचे दार उघडले. मराठीत फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, जाळणे-जळणे, पाडणे-पडणे, बुडवणे-बुडणे अशा जोड्या आहेत. करणारा असला की एक रूप आणि आपोआप घडले की दुसरे. इंग्रजी अशा ठिकाणी बहुतेक वेळा एकाच शब्दावर भागवते: 'द रॅट टोअर द बॅग' आणि 'द बॅग टोअर', 'ही ब्रोक द कप' आणि 'द कप ब्रोक'. जुन्या जोड्यांचे अवशेष इंग्रजीतही आहेत, 'रेझ' आणि 'राइझ', 'ले' आणि 'लाय', आणि गंमत अशी की 'ले' आणि 'लाय'च्या जोडीत इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही गोंधळतात. आमच्या मुलांना त्या सोप्या जायला हव्यात. 'रेझ' म्हणजे वर करणे, 'राइझ' म्हणजे वर येणे. सांडणे मात्र मराठीतही दोन्हीकडे चालते, चहा सांडला आणि पोराने चहा सांडला, हे त्यानेच माझ्या लक्षात आणून दिले आणि तो शब्द दोन्ही रकान्यांत लिहिला.

इथवर आल्यावर प्रश्न सुटला असे मी समजलो होतो. पण 'नं' ची कसोटी मराठी क्रियापदाची आहे, इंग्रजी क्रियापदाची नाही. ती 'बिकम' आणि 'वे' यांना पकडते, पण इतर अनेक ठिकाणी उलट फसवते. मराठीतच काही क्रियापदे कर्म घेऊनही 'ने' नाकारतात: ती इंग्रजी शिकली, तो छत्री विसरला, कुत्रा त्याला चावला. इंग्रजीत 'लर्न', 'फरगेट', 'बाइट' ही तिन्ही सरळ ट्रान्झिटिव्ह आहेत आणि 'ही वॉज बिटन बाय अ डॉग' हे निर्दोष पॅसिव्ह आहे. दुसरीकडे 'त्याने माझी वाट पाहिली' यात 'ने' ठसठशीत आहे, म्हणून मुले 'ही वेटेड मी' लिहितात. इंग्रजीत 'वेट' सहसा कर्म घेत नाही, त्याला 'फॉर' लागतो. 'त्याने गाणे ऐकले' यावरून 'ही लिसन्ड साँग' येते. आपल्या एका ऐकण्याची तिकडे दोन क्रियापदे आहेत, त्यांतले 'हिअर' कर्म घेते आणि 'लिसन' घेत नाही, त्याला 'टु'चा टेकू द्यावा लागतो.

मग मी त्याच्या निबंधांच्या वह्या मागवल्या आणि क्रियापदांभोवतीच्या चुका तेवढ्या बाजूला काढल्या. 'वुई डिस्कस्ड अबाउट द मॅच.' 'माय सिस्टर मॅरीड विथ अ बॉय फ्रॉम निलंगा.' 'ही हेल्प्ड टु मी.' 'आय रिक्वेस्ट टु यू.' यांतले प्रत्येक वाक्य मी मागे कधीतरी एकेकटे दुरुस्त केलेले होते, प्रत्येक वेळी 'इथे अबाउट येत नाही', 'इथे विथ येत नाही' असे सांगून. चारही एकत्र पाहिल्यावर दिसले की त्या चार चुका नाहीत, एकच आहे. आपण चर्चा करतो, लग्न करतो, मदत करतो, विनंती करतो. या प्रत्येक ठिकाणी खरे क्रियापद 'करणे' आहे आणि त्याच्या कर्माच्या जागी चर्चा, लग्न, मदत, विनंती हे शब्द आधीच बसलेले आहेत. म्हणून ज्याला मदत करायची त्या माणसाला 'ला' लावून बाजूला उभे करावे लागते, ज्याच्याशी लग्न करायचे त्याला 'शी' लावावा लागतो आणि सामन्याला 'विषयी' चिकटवावे लागते. इंग्रजीने मदत आणि करणे मिळून एकच 'हेल्प' केला, त्यामुळे कर्माची जागा रिकामी राहिली आणि माणूस सरळ तिथे जाऊन बसला: 'ही हेल्प्ड मी'. मुलगा काय करत होता? तो 'टु', 'विथ', 'अबाउट' हे शब्द इंग्रजीच्या अज्ञानातून घालत नव्हता, मराठीचे 'ला', 'शी', 'विषयी' प्रामाणिकपणे पोचवत होता.

हे मी त्याला एस.टी.च्या उदाहरणाने सांगितले. मराठीच्या गाडीत खिडकीजवळच्या जागेवर 'मदत' रुमाल टाकून बसलेली आहे, म्हणून माणसाला दांडीला धरून उभे राहावे लागते. इंग्रजीच्या गाडीत ती जागा रिकामी आहे. तेव्हापासून वर्गात 'सर, इथं रुमाल हाय का' असा प्रश्न ऐकू येऊ लागला. व्याकरणाच्या दृष्टीने हा दाखला काही ठिकाणी तोकडा पडतो. 'रीच'ला मराठीत रुमाल नाही, शाळेत पोचलो एवढेच आपण म्हणतो, तरी 'आय रीच्ड टु स्कूल' ही चूकच आहे, कारण 'रीच'ला शाळा हे कर्म म्हणूनच हवे असते. उलट 'एक्स्प्लेन'ची गाडी अशी आहे की तिथे फक्त समजावण्याची गोष्टच बसू शकते, माणूस नाही. म्हणून 'एक्स्प्लेन मी धिस सम' चालत नाही, 'एक्स्प्लेन धिस सम टु मी' म्हणावे लागते, जरी 'गिव्ह मी धिस बुक' बिनतक्रार चालते. याचे कारण मुलाने विचारले. मी त्याला सांगितले की, प्रत्येक क्रियापदाचा स्वतःचा शिरस्ता असतो, तो अर्थावरून पूर्णपणे काढता येत नाही आणि शब्दकोशात पाहून घ्यावा लागतो. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत क्रियापदापुढे टी किंवा आय असे अक्षर छापलेले असते. टी म्हणजे ट्रान्झिटिव्ह, आय म्हणजे इनट्रान्झिटिव्ह. आमच्या शाळेच्या कपाटात असा एक कोश वर्षानुवर्षे आहे आणि ते अक्षर कशासाठी छापतात हे मी एकाही वर्गाला सांगितले नव्हते.

एक अडचण मात्र लेखी चाचण्यांत कधीच दिसली नव्हती, ती बोलताना सापडली. मी विचारले, 'डिड यू ब्रिंग युअर नोटबुक?' तो म्हणाला, 'येस सर, आय ब्रॉट.' 'डिड यू लाइक द लेसन?' 'येस, आय लाइक्ड.' इंग्रजीत ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. 'आय ब्रॉट इट', 'आय लाइक्ड इट' असे म्हणावेच लागते. मराठीत 'वही आणलीस का' याला 'आणली' एवढेच पुरते, आणि ते पुरण्याचे कारण क्रियापदातच आहे. आणली म्हटले की वही, आणला म्हटले की पेन, आणलं म्हटले की पुस्तक. कर्म शब्दरूपाने गेले तरी त्याचा ठसा क्रियापदाच्या शेपटीवर राहतो. इंग्रजी 'ब्रॉट'वर असा कोणताच ठसा नसतो, म्हणून तिथे 'इट' ठेवावाच लागतो. हे स्पष्टीकरण मला फार आवडले होते आणि मी ते फळ्यावर लिहिलेही. नंतर लक्षात आले की हा मुलगा तर 'आणलो' म्हणतो, ज्यात वहीचा कोणताही ठसा नाही, तरीही तो कर्म गाळतोच. तेव्हा माझे स्पष्टीकरण प्रमाण मराठीपुरते खरे असेल, त्याच्या बोलीत संदर्भच हे काम करतो असे म्हणावे लागेल. उपाय मात्र दोघांना एकच लागू पडला: इंग्रजीत टी असलेले क्रियापद तोंडातून निघाले की त्यामागून काहीतरी निघालेच पाहिजे, मग तो 'इट' का असेना.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सराव परीक्षेत मी पुन्हा तसाच प्रश्न टाकला, वाक्ये बदलून. 'बिकेम'च्या जागी 'सीम्ड' होते, 'वेज'च्या जागी 'कॉस्ट्स' होते, 'रिझेंबल्स' तसेच ठेवले होते. मुलाने पहिल्या दोन्हींपुढे रेघ मारली. 'रिझेंबल्स'चे त्याने पुन्हा पॅसिव्ह केले आणि समासात बारीक अक्षरात लिहिले, 'कोशात टी आहे'.

त्याला मी गुण दिले नाहीत, पण पूर्ण चूकही म्हणवत नाही. कोशात खरोखरच टी आहे. 'रिझेंबल' कर्म घेते आणि तरी त्याचे पॅसिव्ह होत नाही. 'हॅव', 'लॅक', 'फिट' यांचीही नेहमीच्या अर्थाने तीच गत आहे. जे काही पॅसिव्ह होते ते ट्रान्झिटिव्हच असते असे आपण शिकवतो, आणि मुले त्याची उलटी बाजूही खरी धरतात. भाऊ वडिलांसारखा दिसतो यात भावाने वडिलांना काहीच केलेले नसते, म्हणून ते वाक्य उलटत नाही. पण 'काही केले नाही' ही कसोटी त्यानेच पन्नास किलोच्या वेळी मांडली होती आणि ती त्याने कोशापुढे मागे टाकली. परीक्षेत छापील अक्षरावर विश्वास ठेवणे हे त्याचे चुकले असे मला म्हणता आले नाही, कारण कोश उघडायला मीच सांगितले होते.

सरावाचे तास संपल्यावर एका रविवारी मी मोंढ्यात गेलो होतो. तो काट्याशेजारी वडिलांची वही सांभाळत बसला होता. मला पाहून उठला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, इथं 'द स्टॉक सोल्ड क्विकली' असं वाचलो. 'सेल' तर टी हाय. मग ह्यानं कुणाला काय विकलं? स्टॉक सोताच विकतो का?"

मी मिडल व्हॉइसबद्दल, म्हणजे विकली जाणारी वस्तूच कर्त्याच्या जागी बसते त्या रचनेबद्दल, काही सांगायला तोंड उघडले, पण पलीकडून आडत्याने हाक दिली आणि तो वही घेऊन पळाला. परत आला तेव्हा त्याच्या वहीच्या मागच्या पानावर, पट्ट्यांच्या हिशेबाखाली, दोन ओळी होत्या. विकणे: अण्णांनी माल विकला. खपणे: माल खपला. दोन्हींच्या मधोमध त्याने 'सेल' लिहून दोन्हीकडे बाण काढले होते, आणि 'सांडणे'च्या शेजारी ती जोडी आणखी एका रेघेने बांधली होती.